जित्यात बनवला, उघाडीवर चालवला: क्रॉस-कंपायलरची गोष्ट

(ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरला असाल, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका प्रश्नाने. आत्ता हा भाग तुम्ही ज्या ॲपवर ऐकताय, ते ॲप कुठे तयार झालं? तुमच्या फोनवर नाही, हे तर तुम्हाला माहीत आहे. कोणाच्या तरी लॅपटॉपवर किंवा सर्व्हरवर झालं. पण त्या लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळा वेगळ्या घराण्यातला असतो आणि तुमच्या फोनचा वेगळ्या. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही. मग तिथे घडवलेला प्रोग्रॅम इथे चालतो कसा?

त्याचं उत्तर म्हणजे क्रॉस-कंपायलर, आणि त्याच्याबरोबर लागणारा सगळा संच म्हणजे टूलचेन. लोणेऱ्याला बीटेक करताना हा शब्द मी ऐकला होता, परीक्षेत लिहिलाही होता. समजला मात्र गेल्या पावसाळ्यात, मामाच्या शेतावर.

आधी गावाचं सांगतो. मी जित्याचा. पनवेल-रोहा लाइनवर आपटा सोडलं की जिते, आणि जित्याच्या पुढचं स्टेशन हमरापूर. हमरापूर म्हटलं की गणपतीचे कारखाने. तिथे मूर्ती घडते, पण बसते कुठे तरी दुसरीकडेच. मुंबईच्या चाळीत, पुण्यात, नाही तर बोटीने थेट परदेशात. म्हणून कारागीर आधी विचारतो: मंडप केवढा, दरवाजा केवढा, पाट किती रुंद? मूर्ती कितीही सुंदर झाली आणि दरवाजातून आत गेलीच नाही, तर उपयोग काय? क्रॉस-कंपाइल करणं म्हणजे हेच. जिथे घडवायचं ती जागा वेगळी, जिथे चालवायचं ती वेगळी. त्या दुसऱ्या जागेची मापं तंतोतंत माहीत हवीत.

मामाची उघाडी

आमच्या पश्चिमेला खाडीकडे खारपट्टा लागतो. तिथली भातशेती बांधाच्या भरवशावर असते. बांधात एक उघाडी असते, म्हणजे दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा खरी भीती. बांधाला खांड गेली आणि खारं पाणी शेतात शिरलं तर त्या वर्षीचं भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन धड पिकत नाही. म्हणून उधाणाच्या रात्री मामा टॉर्च आणि काठी घेऊन बांधावर फेऱ्या मारतो.

मला वाटलं, आपण इंजिनियर आहोत, एवढं तरी करू. घरात एक जुना राउटर पडून होता. ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम, एक यूएसबी पोर्ट. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं छोटं लिनक्स टाकलं. हब लावून एका बाजूला सिमचा डोंगल, दुसऱ्या बाजूला वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर. उघाडीच्या खांबावर सेन्सर खाली तोंड करून लावायचा, तो पाण्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये सांगणार, राउटर ते मामाच्या मोबाईलवर पाठवणार. बॅटरी आणि सोलर पॅनेल वेगळं. प्रोग्रॅम सी भाषेत, दोनशे ओळींचा. लॅपटॉपवर सेन्सर जोडून पाहिला, घरच्या पिंपातलं पाणी बरोबर मोजलं. झालं की काम!

काम तिथून पुढे होतं.

तीन चुका, तीन वेगवेगळे निरोप

लॅपटॉपवरचा तयार प्रोग्रॅम तसाच राउटरवर कॉपी केला. चालवला, तर म्हणे पहिल्या ओळीत व्याकरणाची चूक. अरे, ही काय स्क्रिप्ट आहे का? झालं असं होतं: प्रत्येक चालणाऱ्या फाइलच्या सुरुवातीला एक आकडा असतो, ही फाइल कोणत्या प्रोसेसरसाठी आहे ते सांगणारा. लॅपटॉपच्या ६४ बिट इंटेल घराण्याचा आकडा ६२, राउटरच्या मिप्सचा ८, आणि तुमच्या फोनच्या ६४ बिट आर्मचा १८३. राउटरच्या कर्नलने ६२ बघितला आणि फाइल नाकारली. मग तिथल्या छोट्या शेलने 'बघू, स्क्रिप्ट असेल' म्हणून ती वाचायचा प्रयत्न केला आणि भलतीच तक्रार केली. मोठ्या लिनक्सवर हाच निरोप 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा येतो.

तुम्ही विचाराल, राउटरवरच कंपाइल का नाही केलं? ८ एमबी जागेत कंपायलर मावतच नाही. म्हणजे हमरापूरची मूर्ती गिऱ्हाइकाच्या वन रूम किचनमध्ये घडवण्यासारखं. कारखाना बाहेरच हवा.

म्हणून दुसरा प्रयत्न. उबंटूच्या भांडारातून तयार मिप्स कंपायलर घेतला. आता आकडा ८ आला. राउटरवर चालवलं, तर 'नॉट फाउंड'. फाइल समोर दिसतेय, परवानग्या बरोबर आहेत, आणि म्हणतो सापडत नाही! अर्धा दिवस यात गेला. सापडत नव्हती ती माझी फाइल नव्हतीच, तिला उभं करणारा लोडर सापडत नव्हता. प्रोग्रॅम स्वतः एकटा चालत नाही. फाइल उघडणं, छापणं, मेमरी मागणं ही कामं सी लायब्ररी करते, आणि ती लायब्ररी जोडून देणारा लोडर कुठे आहे हे प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असतं. उबंटूचा कंपायलर जीलिबसी नावाची मोठी लायब्ररी धरून चालतो. ओपनडब्ल्यूआरटीवर असते मसल नावाची छोटी लायब्ररी. पत्ता एका घराचा, माणूस राहतो दुसऱ्या घरात. रीडएल्फ नावाचं टूल आहे, ते फाइलच्या आत कोणता लोडर लिहिलाय ते सांगतं. ते आधी चालवलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता.

तिसरा प्रयत्न: म्हटलं लायब्ररी बाहेर नकोच, प्रोग्रॅमच्या आतच भरू. याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. चालवलं, आणि सुरू होताक्षणी 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडला. का? माझ्या राउटरच्या चिपमध्ये दशांशाची गणितं करणारं वेगळं युनिटच नाही. अशा चिपसाठी ती गणितं साध्या पूर्णांकांच्या सूचनांतून करावी लागतात, त्याला सॉफ्ट-फ्लोट म्हणतात. तयार कंपायलर धरून चालला होता की युनिट आहे. त्याने तशी सूचना लिहिली, आणि चिप म्हणाली, हे मला माहीत नाही.

आता हे तीन निरोप एकत्र बघा. पहिल्यात प्रोसेसरचं घराणं चुकलं. दुसऱ्यात सी लायब्ररी चुकली. तिसऱ्यात चिपच्या आतल्या सोयी चुकल्या. माझ्या सीच्या दोनशे ओळींत यातली एकही चूक नव्हती. पलीकडच्या यंत्राचं वर्णन मी अर्धवट दिलं होतं, एवढंच.

टूलचेन घडते कशी

मग ठरवलं, आपली टूलचेन आपणच बांधू. त्यासाठी क्रॉसटूल-एनजी नावाचा प्रकल्प आहे. मेन्यू उघडतो, त्यात तुम्ही सांगायचं: मिप्स, बिग-एंडियन, सॉफ्ट-फ्लोट, मसल. मग तो सगळं सोर्समधून बांधतो. पण आत काय चालतं ते समजून घ्या, नाहीतर अडलं की अडलंच.

पायरी एक, बायनयुटिल्स. यात असेंब्लर आणि लिंकर येतात, म्हणजे कंपायलरने लिहिलेलं प्रत्यक्ष मिप्सच्या आकड्यांत उतरवणारे आणि तुकडे जोडणारे. पायरी दोन, कर्नलचे हेडर: पलीकडचं लिनक्स कोणत्या विनंत्या ऐकतं त्याची यादी. पायरी तीन, जीसीसी. आणि इथे गाडी अडते. पूर्ण जीसीसी बांधायला सी लायब्ररी लागते. सी लायब्ररी बांधायला जीसीसी लागतो. आधी कोण?

हमरापूरच्या कारखान्यात हाच पेच असतो. साच्यातून मूर्ती निघते, पण साचा कशावरून घ्यायचा? मूर्तीवरूनच! म्हणून पहिलं मॉडेल हाताने घडवतात. त्यावरून साचा, आणि साच्यातून पुढच्या सगळ्या मूर्ती. टूलचेनमध्येही तसंच. पायरी तीनमध्ये एक कामचलाऊ जीसीसी बांधतात, फक्त सी भाषा समजणारा, लायब्ररीशिवायचा. पायरी चार, त्या कामचलाऊ जीसीसीने सी लायब्ररी बांधतात. पायरी पाच, त्या लायब्ररीच्या आधाराने खरा, पूर्ण जीसीसी. कामचलाऊ मग फेकून दिला तरी चालतो.

यातले हेडर आणि लायब्ररी एका फोल्डरमध्ये बसतात, त्याला सिसरूट म्हणतात. पलीकडच्या यंत्राच्या घराची छोटी प्रतिकृतीच ती. कंपायलरने हेडर आणि लायब्ररी तिथूनच उचलायच्या, तुमच्या लॅपटॉपच्या फोल्डरमधून चुकूनही नाही.

अजून तीन शब्द लक्षात ठेवा: बिल्ड, होस्ट, टार्गेट. कंपायलर जिथे बांधला ते बिल्ड. तो कंपायलर जिथे चालणार ते होस्ट. आणि त्यातून निघालेला प्रोग्रॅम जिथे चालणार ते टार्गेट. माझ्या बाबतीत पहिली दोन म्हणजे लॅपटॉप, तिसरं राउटर. तिन्ही वेगळी असली तर त्याला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. नाव कुठून आलं? ते पडलं त्या काळात कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते म्हणे!

माझ्या लॅपटॉपवर हे बांधकाम दीड तास चालणार होतं. एक तास झाल्यावर लाईट गेली आणि थोड्या वेळाने बॅटरीही संपली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा शहाणा झालो. क्रॉसटूल-एनजीमध्ये प्रत्येक पायरीनंतर काम साठवून ठेवायची सोय आहे, ती सुरू करा. गावात राहत असाल तर नक्कीच करा.

पवईचा 'अजित'

हे सगळं फक्त जुन्या राउटरची हौस नाही, हे सांगायला एक उदाहरण देतो, आपल्या जवळचंच. पवईला आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अजित' नावाचा मायक्रोप्रोसेसर बनवला. २०१९ च्या सुमारास त्याच्या बातम्या आल्या. चिप घडली चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटर तंत्राने. फोनच्या चिपच्या मानाने हे जुनं तंत्र आहे, पण उपकरणांच्या आतल्या कामाला चालतं.

आता विचार करा, नवीन चिप हातात आली. तिच्यावर पहिला प्रोग्रॅम कोण चालवणार? चिपवर कंपायलर नाही, लिनक्स नाही, काहीच नाही. सगळं बाहेरून क्रॉस-कंपाइल करूनच यायला हवं. टूलचेन नसेल तर ती चिप म्हणजे महागडी वाळू.

इथे त्यांनी घेतलेला एक निर्णय महत्त्वाचा आहे. अजितची सूचनाभाषा नवी शोधलेली नाही, तर स्पार्क व्ही८ ही आधीपासूनची आहे. ती आयईईईचं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेली आहे, आणि युरोपच्या अंतराळ कार्यक्रमातले लिऑन प्रोसेसर तीच बोलतात. जीसीसीला स्पार्क कित्येक वर्षांपासून येतं. म्हणजे चिप नवी, पण कंपायलर शून्यापासून लिहायची गरज नाही. सूचनाभाषा नवी शोधली असती तर चिपइतकंच, कदाचित जास्तच, काम कंपायलरवर करावं लागलं असतं. आज आपल्याकडे आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचे 'वेगा' प्रोसेसर रिस्क-फाइव्ह वापरतात, त्यामागेही हा फायदा आहेच: टूलचेन आधीच तयार.

आणि जीसीसी आतून शिकायचा असेल तर त्याच आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कार्यशाळा घेतल्या आहेत, त्यात क्रॉस-कंपायलर बांधायचे धडेही आहेत. हा विषय परदेशातच चालतो असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा.

जी चूक ओरडली नाही

आता परत उघाडीवर येऊ, कारण खरी गोष्ट अजून सांगायची आहे.

माझी टूलचेन झाली. प्रोग्रॅम राउटरवर चालला. पडला नाही. एक आकडा आला, मी खूश. अमावस्येच्या आदल्या दिवशी जाऊन खांबावर बसवून आलो.

अमावस्येच्या रात्री मामाचा फोन. "अरे, तुझा मोबाईल म्हणतोय पाणी अजून एक मीटर ऐंशीवर खाली आहे. तासभर तोच आकडा. मी इथं खांबाजवळ उभा आहे, पाणी चढतंय." मी म्हटलं, रेंज नसेल. मामा म्हणाला, "रेंज नसती तर मी तुला फोन कसा केला असता?"

बरोबर होतं त्याचं. सेन्सर प्रत्येक अंतर दोन बाइटमध्ये पाठवतो, मोठा बाइट आधी. समजा १५४३ मिलिमीटर: ६ गुणिले २५६ अधिक ७. म्हणजे आधी ६, मग ७. लॅपटॉपचा प्रोसेसर लिटल-एंडियन, तो छोटा बाइट आधी आहे असं समजून वाचतो. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये दोन बाइटची अदलाबदल टाकली होती. लॅपटॉपवर बरोबर. पण राउटर बिग-एंडियन. तो मुळातच बरोबर वाचत होता, आणि माझी अदलाबदल ते उलटं करत होती. ७ गुणिले २५६ अधिक ६, म्हणजे १७९८. पाणी होतं त्यापेक्षा २५ सेंटिमीटर खाली दिसलं.

बाकीचे आकडे तर वेडेवाकडे येत होते. १६०० चे १६३९० होत होते, म्हणजे सोळा मीटर! पण ते मला दिसलेच नाहीत, कारण मीच एक गाळणी लावली होती: ३०० ते ४५०० च्या बाहेरचं काही आलं तर टाकून दे आणि आधीचा आकडा दाखवत राहा. म्हणजे माझ्याच शहाणपणाने माझी चूक झाकली. बहुतेक आकडे फेकले गेले आणि चुकून गाळणीतून सुटलेला १७९८ तासभर स्क्रीनवर बसून राहिला. मेन्यूमध्ये 'बिग-एंडियन' मी स्वतः निवडलं होतं. कंपायलरला सांगितलं, स्वतःला सांगायचं विसरलो.

बांध त्या रात्री टिकला. तो माझ्यामुळे नाही, तर मामाने स्क्रीनवर विश्वास न ठेवता काठीवर ठेवला म्हणून. तो आणि शेजारचे दोघं उघाडीच्या फळ्यांपाशी चिखल भरत रात्रभर थांबले. मामा स्क्रीन बघून झोपला असता तर? मी त्या प्रश्नाचा विचार अजूनही करतो.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. अदलाबदल काढली आणि सरळ लिहिलं: पहिला बाइट गुणिले २५६ अधिक दुसरा. हे कोणत्याही प्रोसेसरवर बरोबरच येतं. आणि गाळणीने आकडा टाकला की आता स्क्रीनवर जुना आकडा राहत नाही, 'माहिती नाही' असं लाल अक्षरांत येतं.

तुम्ही करणार असाल तर

चार गोष्टी. एक, आधी टार्गेटची मापं कागदावर लिहा: घराणं, एंडियन, फ्लोट, सी लायब्ररी. तयार टूलचेन त्या मापांत बसत असेल तर तीच घ्या, उगाच बांधू नका. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःच्या प्रत्येक राउटर-गटासाठी तयार संच देतं. मला ते नंतर कळलं! अँड्रॉइडसाठी असाल तर गूगलचं एनडीके आहे, त्यात सिसरूटसकट सगळं येतं. तिथे फक्त कमीत कमी कोणत्या अँड्रॉइडवर चालवायचं ते नीट सांगा.

दोन, प्रोग्रॅम पाठवायच्या आधी रीडएल्फने उघडून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम.

तीन, क्यूईएमयू वापरा. ते तुमच्या लॅपटॉपवर मिप्स, आर्म, स्पार्क अशा प्रोसेसरची नक्कल करतं. सेन्सरचे दोन बाइट फाइलमध्ये भरून मी तिथे प्रोग्रॅम चालवला असता, तर १७९८ घरातच दिसला असता.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. 'चालला' म्हणजे 'बरोबर चालला' नव्हे. टूलचेन पहिल्या तीन चुकांवर ओरडली, मी वैतागलो. आता वाटतं, ओरडणाऱ्या चुका म्हणजे आपले मित्र. न ओरडणारी चूक शोधायला पलीकडे जाऊन, टार्गेटवर, खऱ्या मोजमापाशी ताडून बघावंच लागतं.

राउटर अजून खांबावर आहे, चालतोय. खांबावर मामाने ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला रेघा मारल्यात. उधाणाच्या रात्री तो आधी रेघ बघतो, मग मोबाईल. दोन्ही जुळले तरी फेरी मारतोच. मी आता त्याला 'कशाला जातोस' म्हणत नाही.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. घरात जुना राउटर पडला असेल तर भंगारात देऊ नका, एखादा प्रोग्रॅम त्यावर चालवून बघा आणि कुठे अडलं ते कळवा. भेटूया पुढच्या भागात!